जवाईबुवांची हिरवी भुकटी

नणंदेचे यजमान देवमन जवाईबुवा जऊळक्याला आले आणि येताना हातात काहीतरी घेऊन आले, तिथंच गिरजाबाईच्या मनात पाल चुकचुकली. वीस वर्षांत या माणसानं तिच्या मळ्यातली वांगी नेली, मेथी नेली, एकदा तर विळासुद्धा नेला. आणलं कधी काही नव्हतं. आज मात्र बरणीभर हिरवी भुकटी, तीही फुकट.

"तुळस, शेवग्याचा पाला, अन् अजून काई काई हाय यात," ते म्हणाले. "शेकानं चांगलं मास भाजते न वहिनी, ते याच्यानं वाचते. संशोधन झालं हाय. मोबाईलवर हाय सारं."

गिरजाबाईचे मालक चंपतराव यांच्या गालात गाठ. सुपारी-तंबाखूचा खर्रा सुटला तो गाठ आल्यावरच. रोज रेल्वेनं अकोल्याला जायचं आणि किरणांच्या मशीनखाली निजायचं, त्यालाच गावात शेक म्हणतात. तेहतीस ठरले होते, चौदा झाले होते. तोंडात असे फोड की साधं पाणी मिरचीसारखं लागे. त्यांचा हात लगेच बरणीकडे गेला.

गिरजाबाईनं बरणी उचलून फळीवर ठेवली. घरच्या जावयाला नाही म्हणता येत नाही. पण विचारायला कोणाची बंदी?

"जवाईबुवा, गाठ बी त्याच तोंडात हाय. भुकटीले कसं समजते, कोन चांगलं न् कोन वाईट?"

"अवो वहिनी, वनस्पतीले समजते!"

"माहा सारा जलम वनस्पतीतच गेला. पानी म्या देल्लं का जाऊबाईनं, तेबी त्याईले समजत नाही."

चंपतराव हसायला गेले आणि फोडानं कळवळले.

तिच्या डोळ्यांपुढं वांग्याचा वाफा होता. तणनाशक मारताना ती एकेका रोपावर पत्र्याचा डबा पालथा घाली. गेल्या साली एका रोपाच्या बुडाशी लव्हाळा चिकटून होता. डब्याखाली रोप वाचलं तसा तोही वाचला, आणि पोळ्यापर्यंत त्यानं वांग्याला खाऊन टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चंपतरावांची जीभ हिरवट दिसली.

"काय खाल्लं?"

"पालक."

"पालकाचं बी तं म्या परवा टाकलं!"

त्या दिवशी बरणी पदराखाली घेऊन ती मालकांबरोबर गाडीत बसली. अकोल्यात शेकाच्या डॉक्टरीणबाईपुढं तिनं ती ठेवली.

डॉक्टरीणबाईंनी वास घेतला. "काकू, यात अगदीच खोटं नाही. काही वनस्पतींमधली द्रव्यं उंदरांवर, काचेच्या बशीतल्या पेशींवर वापरून पाहिली आहेत. चांगल्या पेशी किरणांपासून थोड्या वाचतात असं दिसलंय. माणसात कोणतं, किती, कधी द्यायचं, ते पक्कं नाही."

"अन् गाठीलेबी वाचवत असन तं?"

त्यांनी बरणीचं झाकण लावलं. "ते मला माहीत नाही. म्हणूनच शेक संपेपर्यंत नको."

गिरजाबाईनं त्यांच्याकडे निरखून पाहिलं. डॉक्टरवर तिचा भरवसा नव्हता. मशीनवर तर मुळीच नाही. जाळ दिसत नाही आणि माणूस भाजतं, हे काय काम? पण दोन महिन्यांत 'माहीत नाही' म्हणणारं हे पहिलंच माणूस भेटलं होतं. जवाईबुवांना सगळं माहीत होतं, त्यांच्या मोबाईलला तर त्याहून जास्त. तिनं बरणी तिथंच सोडली आणि गुळण्यांचं औषध घेतलं.

परतीच्या गाडीत चंपतराव चिडले. "तुह्यं काय जाते? तोंड माहं भाजून राह्यलं."

"तोंड तुमचं हाय. मानूस माहा हाय."

ते खिडकीकडे तोंड करून बसले. रात्री जवाईबुवांचा फोन आला, बरणीचं ऐकून त्यांनाही राग आला. त्या महिन्यात नणंदेनं बोलणं टाकलं. फोड वाढले, तसा गिरजाबाईचा जीव खालीवर झाला. आपण चुकलो तर? पण शेक एकही चुकू दिला नाही, आणि भुकटीची पुडी तर नाही ना म्हणून चंपतरावांच्या खिशांची झडती रोज घेतली.

तेहतीस झाले. गाठीचं खरं काय ते तीन महिन्यांनी फोटो काढल्यावर कळणार होतं. शेक संपून पंधरवडा उलटला, तेव्हा चंपतरावांनी वरणात कुस्करलेली पोळी मागितली आणि एक घास गिळला.

"दुखते का?"

"नाही."

"खरं सांगा."

"नाही म्हनलं न, गिरजे!"

तिनं दुसरा घास पुढं केला आणि तो गळ्याखाली उतरेपर्यंत त्यांच्या तोंडावरची नजर काढली नाही.