हाराच्या दोऱ्याची गाठ

ओमप्रकाश राऊत मेला आणि अकोल्याला एकाएकी कळलं, की आपल्या फूलबाजारात एक थोर कादंबरीकार शेवंती विकत होता. जिवंतपणी याच गावातल्या साहित्याच्या कार्यक्रमांना तो हार पोचवायचा आणि मग मागच्या खुर्चीवर गुपचूप बसून भाषणं ऐकायचा. तेव्हा कोणी ढुंकून पाहिलं नाही. आता चौकाला त्याचं नाव द्या म्हणून निवेदनं निघत होती. त्याच्या बायकोला, सत्यभामाला, या सगळ्याची किळस आली होती.

पुस्तक छापून आणलं ते लेकीनं, वर्षालीनं, बाप गेल्यावर. त्याला मोठा पुरस्कार मिळाला. कादंबरी सुरू होते ती एका म्हाताऱ्या माळ्याच्या तेरवीपासून. तो कसा जगला, कसा मेला, याबद्दल अक्षर नाही. समीक्षकांनी त्यावर रकानेच्या रकाने भरले. मृत्यूचं मौन म्हणे, धाडसी रचना म्हणे. ते मौन कुठे पुरलंय हे सत्यभामाला ठाऊक होतं. बार्शीटाकळीच्या त्यांच्या मळ्यात, शेणखताच्या खड्ड्यात.

कादंबरी पुरी झाली तेव्हा ओमप्रकाशनं हातानं लिहिलेला गठ्ठा अमरावतीला उद्धव सरांकडे नेऊन दिला होता. सरांनी मान डोलावल्याशिवाय वऱ्हाडात कोणाचं पुस्तक पुढे सरकत नसे. गठ्ठा सत्यभामानंच हाराच्या दोऱ्यानं बांधला, माहेरी शिकलेल्या गाठीनं. ती गाठ बोटांनी सुटत नाही, कापावीच लागते. वर्षभरानं गठ्ठा परत आला. पहिला अर्धा भाग नुसता पाल्हाळ आहे, काढून टाका, असं सरांनी सांगितलं होतं. गाठ होती तशीच होती.

तिनं ती नवऱ्यापुढे धरली. तो कसनुसा हसला.

"मोठ्या मानसाले वरूनच समजते," तो म्हणाला. "तू बोलू नको कोनाले."

आणि त्या भोळ्या माणसानं खरोखरच अर्धी कादंबरी खड्ड्यात टाकली. तिच्यात त्याच्या बापाचा अख्खा जन्म होता. दुसरी प्रत नव्हती. सत्यभामानं हात धरला, त्यानं तो सोडवून घेतला. न बोलण्याचा शब्द मात्र तिनं आजवर पाळला होता.

गौरव समारंभाला अध्यक्ष म्हणून आले तेच उद्धव सर. हारांची ऑर्डर आयोजकांनी तिलाच दिली. लाज त्यांनी केव्हाच कोळून प्यायली होती. तिनंही मुकाट्यानं हार गुंफले, टोपलीवर फडकं टाकलं आणि ते दोऱ्यानं बांधून टोपली मंचावर नेऊन ठेवली.

सर माईकपुढे उभे राहिले. ओमप्रकाशचा पहिला वाचक मीच, असं ते म्हणाले. ओळ न् ओळ वाचली आणि त्याला सांगितलं, बाबा, मधूनच सुरू कर. सभागृहानं टाळ्यांचा कडकडाट केला. बोललं तर मेलेल्या माणसाला दिलेला शब्द मोडतो, गप्प राहिलं तर त्याचा अर्धा जन्म या माणसाच्या घशात जातो, असं झालं सत्यभामाला.

मग ओमप्रकाशच्या फोटोला हार घालायला तिचं नाव पुकारलं. ती उठली आणि टोपली उचलून सरांसमोर ठेवली.

"पयला मान तुमचा, सर. सोडा."

कॅमेरे सरसावले, मोबाइल वर झाले. सर हसत हसत गाठीशी खटपट करू लागले. नखं लावून पाहिली, दोरा ओढून पाहिला. एक आयोजक मदतीला धावला, त्यालाही जमेना. हसू हळूहळू मावळलं. शेवटी सरांनी शेजारच्याकडे वाकून कात्री मागितली.

माईक समोरच होता.

"गठ्ठ्याले बी हेच गाठ होती, सर," सत्यभामा म्हणाली. "जशी बांधली तशीच वापस आली. कात्री तवा मांगायची होती."