कमलआक्कांचे तीन डबे

दगडावर चांदीचा रुपया पडल्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला, तेव्हा मला नुकतं मिसरूड फुटत होतं. सराफ्यातल्या दुकानात नवीनच लागलो होतो. थोरले शेठ म्हणाले, "मारोती, तोंड भिंतीकडं कर." मी केलं. माझ्या मागं त्यांनी दोन रुपये फरशीवर टाकले. एक खणाणला आणि त्याचा नाद बराच वेळ हवेत राहिला. दुसरा पडला आणि गप बसला.

"खोटा कोणता?"

"गप बसला तो."

"बरोबर. पण माणसांना हा नियम लावू नको, नाहीतर तुलाच आधी हाकलावं लागंल!"

मी तेव्हाही कमीच बोलायचो. आणि जे बोलायचो तेही हळू.

सराफ्याचं एक असतं. लोक चांदी विकायला येतात आणि चांदीबरोबर थोडी गोष्टही काट्यावर ठेवून जातात. चांदी भट्टीत जाते. गोष्ट कुठं जाणार? ती आमच्याकडं राहते. पन्नास वर्षांत इतक्या साठल्या, की दुकानात मावेनात म्हणून मी घरी नेऊ लागलो. बायको म्हणते, "ह्या घेतं का कुणी विकत?"

नाही घेत. म्हणून अशाच सांगतो. सगळ्या नाही, एका विक्रीच्या.

*

आमच्या दुकानाच्या पायऱ्या उतरल्या की समोर आप्पांची शिलाई मशीन असायची. आधी ते छावणीत फौजी कपडे शिवायचे, मग सराफ्यात आले. हातात चार पैसे जमले की रस्ता ओलांडून यायचे आणि जुना चांदीचा रुपया विकत घेऊन घरी डब्यात टाकायचे. कधी राणीछाप, कधी राजाछाप, कधी निजामाचा चारमिनारवाला. मी एकदा म्हणालो, "आप्पा, बँकेत ठेवा की."

"बँकेत सही लागती. रुपयाला लागत नाय."

आप्पा गेले तेव्हा कागदावर दोनच ओळी निघाल्या, दुसऱ्याच्या हातानं लिहिलेल्या, खाली आप्पांचा अंगठा. पुंडलिकनगरचं घर मुलाला, सुरेशला. डबे मुलीला, कमलला.

कमलआक्का अंगणवाडीत मदतनीस होत्या. लग्न टिकलं नाही, माहेरी आल्या आणि आप्पांचं शेवटपर्यंत केलं. सुरेशराव पाटबंधारे खात्यातून रिटायर. त्या दिवशी ते हसले होते म्हणे, "आक्काला डबे! पिठाला होतील." आणि म्हणाले, "दिवाळीपर्यंत राहा इथं. मग मला वरची खोली लागंल."

आक्कांनी हर्सूलला एक खोली बघून ठेवली. खोली, मोरी आणि खिडकीतून तलावाची एक चिमटीभर बाजू. बिल्डर म्हणाला, महिनाअखेर पूर्ण रक्कम द्या, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक उभं आहे.

तेवढ्यात चांदीनं डोकं वर काढलं. भाव असा चढला की पेपरात रोज तेच. शेजारी सुरेशरावांना म्हणू लागले, "अहो, बहिणीनं तुम्हाला गंडवलं!"

*

आक्का पहिल्यांदा आल्या त्या रिक्षातून. बरोबर ज्वारीचं पोतं. चोराचिलटाची भीती, म्हणून दोन डबे ज्वारीत पुरून आणले होते. मिळून दीड हजारावर रुपये! रिक्षावाल्यानं पोतं उचलायला हात घातला आणि कंबर धरून खालीच बसला.

"अम्मा, जवारी है के लोहा?"

"जवारीच हाय बाबा. जरा जुनी हाय."

"कितनी पुरानी?"

"निजामाच्या टायमाची!"

वर येऊन मला म्हणाल्या, "जयभीम, मामा. मोजा." आमचे शेठ, म्हणजे थोरल्यांचा मुलगा, म्हणाले, "आक्का, असं एकदम मोजून विकू नका. यातले काही नग संग्रह करणारे लोक चांदीच्या तिप्पट भावानं घेतात. मी एका साहेबांना बोलावतो. चार दिवसांनी या."

आक्का खूश. पोतं परत रिक्षात. मला त्यांना एक सांगायचं होतं. फार महत्त्वाचं होतं. पण माझं बोलणं असं. तोंडात वाक्य जुळेपर्यंत रिक्षा चौकातून वळली.

*

चार दिवसांनी साहेब आले. हातात पांढरे मोजे, डोळ्याला भिंग. आक्कांनी डब्याचं झाकण काढलं आणि दुकानात उजेड पडला! एकेक रुपया लखलखत होता. चिंच, राख आणि ब्रश. तीन दिवस आक्का आणि शेजारच्या दोन बाया घासत बसल्या होत्या.

साहेबांनी एक उचलला, भिंगाखाली धरला, हळूच खाली ठेवला.

"हे कुणी केलं?"

"मी!" आक्का अभिमानानं म्हणाल्या. "पाव्हणे येणार म्हटल्यावर काय काळेच दावायचे?"

साहेबांनी मोजे काढले. "बाई, तुम्ही आजीबाईला घासून नवरी केलीत. आता तिला कुणी आजी म्हणणार नाही आणि नवरी म्हणूनही कुणी नेणार नाही."

जुन्या नाण्यावरचा काळेपणा हीच त्याची किंमत असते. तो गेला की उरते नुसती चांदी. हेच मला सांगायचं होतं.

 आक्का हाताच्या बोटांकडं बघत बसल्या. चिंचेनं सालं निघाली होती.

मी त्यांच्याजवळ गेलो. म्हणालो, "चूक माझी आहे. मी वेळेवर बोललो नाही."

"तुम्ही आताबी वेळेवर नाय बोलला, मामा," त्या म्हणाल्या. पण पदराआड थोडं हसल्या.

*

शेठनी दोन्ही डब्यांचा वजनावर हिशेब मांडला. चांगली रक्कम होत होती, पण हर्सूलच्या खोलीला थोडी कमी पडत होती. चिठ्ठीवर शेठनी बिल्डरचा आकडा लिहिला, खाली चांदीचा, आणि मधे फरकाची जागा रिकामी सोडली.

आक्का म्हणाल्या, "अजून एक डबा हाय. लहान. कुलूपवाला. आप्पा त्याला हात लावू देत नव्हते. त्यात भारी माल आसंल."

या वेळी मी तोंड आधीच उघडून ठेवलं होतं. "त्याला पाणी लावू नका. फडकं लावू नका. उघडूसुद्धा नका. आहे तसा आणा, शेवटी बघू."

*

आता एकेक रुपया तपासायचं काम सुरू झालं, आणि सुरेशराव रोज येऊन बाकावर बसू लागले. म्हणायचे, "मी नुसता बघाया आलो." शेठ चहा द्यायचे. ते चहा प्यायचे आणि बघायचे.

तिसऱ्या दिवशी त्यांना राहवेना. "मला तर हे सगळं बनावट वाटतंय. आप्पाला कशातलं काय कळत होतं?" एक रुपया उचलला आणि कडकन चावला.

कडकन आवाज आला खरा. पण पुढचा बसवलेला दात तुटून तळहातावर आला!

 आक्काच म्हणाल्या, "सुऱ्या, नाणं खरं हाय. खोटं तुझ्या तोंडात हाय!"

आम्ही हसलो, ते चिडले, रागानं निघून गेले. वाटलं, आता येत नाहीत. दुसऱ्या दिवशी बरोबर अकराला बाकावर हजर, तोंडावर रुमाल धरून. आक्कांनी पिशवीतून जेवणाचा डबा काढला. मुगाची मऊ खिचडी होती. बाकावर ठेवली आणि इकडं काट्याजवळ येऊन बसल्या.  तासाभरानं मी बघितलं, डबा रिकामा होता.

*

शेठनी चांदी तपासायची नवी मशीन आणली आहे. रुपया आत ठेवला की पडद्यावर आकडे येतात. शेठना तिचं फार कौतुक. "मामा, आता तुम्ही आराम करा. माणसाचा कान चुकतो, मशीन चुकत नाही."

माझ्या कानाबद्दल घरीही तक्रार आहे. बायको म्हणते, "माझी हाक ह्यांना येक आयकू येत नाय, आन् रुपया दोन गल्ल्या सोडून पडला तरी आयकू येतो!"

मशीननं दीडशेक रुपये तपासले आणि लाईट गेली. इन्व्हर्टरनंही मान टाकली. शेठ मशीनवर थापट्या मारत बसले. महिनाअखेर जवळ आली होती, आक्कांचा जीव वर-खाली. मी फरशी पुसली, मांडी घातली आणि एकेक रुपया टाकू लागलो. खण्. खण्. खण्. लाईट आली तेव्हा दोन्ही डबे संपत आले होते. सगळे खरे.

आक्का शेठकडं बघून म्हणाल्या, "शेठ, तुमची मशीन लाईटवर चालती. मामाचा कान कशावर चालतो?"

"चहावर," मी म्हणालो.

लाईट आल्यावर शेठनी माझ्या ढिगातले वीस रुपये गुपचूप मशीनमध्ये घालून बघितले. मग स्वतः उठून चहा सांगितला. स्पेशल!

*

एका रुपयाला कडी लावलेली होती. आक्का लहान असताना तो त्यांच्या करदोट्यात होता. त्यांनी तो काट्यावर ठेवला. मग उचलला. मग म्हणाल्या, "जाऊ द्या, खोली मिळाली पाह्यजे," आणि परत ठेवला. शेठनी आकडा लिहायला पेन टेकवलं, की पुन्हा उचलला.

असं तीनदा झालं.

शेठ म्हणाले, "आक्का, एकदा काय ते ठरवा. रुपया राहू द्या, काटा थकला!"

बाकावरून सुरेशराव ओरडले, "ठिव की तुझ्याजवळ! एका रुपयानं काय खोली आडती व्हय?"

आक्कांनी तो रुमालात बांधला. सुरेशराव लगेच छताकडं बघू लागले, जसं काही बोललेच नाहीत.

*

शेवटच्या दिवशी आक्का तिसरा डबा घेऊन आल्या. सांगितल्याप्रमाणं उघडला नव्हता. गंजलेलं कुलूप, वर धूळ तशीच. दुसऱ्या दिवशी बिल्डरकडं जायचं होतं. सुरेशराव बाकावरून उठून जवळ येऊन उभे राहिले.

मी कुलूप तोडलं. आत कपड्याच्या चिंध्यांच्या पुड्या होत्या. ब्लाऊजचे, झबल्यांचे, खाकी गणवेशाचे तुकडे. प्रत्येक चिंधीत एक रुपया. साठाच्या वर असतील.

आक्का म्हणाल्या, "बघा, कसा जपून ठिवलाय!"

मी पहिला फरशीवर टाकला. ठप्प.

दुसरा टाकला. ठप्प. तिसरा, चौथा, दहावा. शेठनी चार उचलून मशीनमध्ये घातले. मशीनही तेच म्हणाली.

मग मी एकाची कड बघितली आणि माझे हात थांबले. कडेला कानशीची एक खाच होती. दुसऱ्याला होती. सगळ्यांना होती. ही खाच मीच मारलेली. आमच्या दुकानाची रीत अशी, की कुणी खोटा रुपया विकायला आणला तर त्याला कडेला खाच मारून परत द्यायचा, म्हणजे तो पुढं कुणाला फसवायला नको. थोरल्या शेठनी ते काम मला दिलं होतं.

"खोटे हायत?" आक्कांनी विचारलं. "सगळे?"

"सगळे."

"आप्पाला फसवलं कुणी?"

मला वेळ लागला, पण या वेळी सगळे थांबले.

"आप्पांना कुणी फसवलं नाही," मी म्हणालो. "ही खाच त्यांना ठाऊक होती. बाया यायच्या, आक्का. कुणाचं पोरगं दवाखान्यात, कुणाच्या घरात दाणा नाही. सासूनं दिलेला, आईनं दिलेला रुपया घेऊन यायच्या. मी फरशीवर टाकायचो, खाच मारायचो आणि परत द्यायचो. त्या रडत पायऱ्या उतरायच्या. समोर आप्पांच्या मशीनजवळ थांबायच्या. मला इथून दिसायचं. थोड्या वेळानं डोळे पुसून जायच्या. मला वाटायचं, म्हातारा समजूत घालतोय. दोन शब्द बोलतोय. आप्पा तर तो रुपयाच घेत होते, खऱ्याच्या भावानं."

 शेठनी मशीनचं बटण बंद केलं.

आक्का एकेक चिंधी उलगडून बघत होत्या. एकदम म्हणाल्या, "लोकांच्या लेकीबाळींचं बघितलं. आन् माझी खोली?" मग स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला. "आसं बोलू नये. पण मी जाऊ कुठं, मामा?"

चिठ्ठीवर फरकाची जागा तशीच रिकामी होती.

सुरेशराव पुढं आले. आक्कांच्या हातातली चिंधी घेतली, रुपया त्यात ठेवला, पुडी केली. मग दुसरी. सगळ्या पुड्या त्यांनी आपल्या हातानं बांधल्या. त्याला बराच वेळ लागला. त्या डब्यात भरल्या आणि डबा काट्यावर ठेवला. वजनाकडं बघितलं. भिंतीवरच्या बोर्डावरचा चांदीचा भाव बघितला. खिशातून मोबाईल काढून आकडेमोड केली, चष्मा वर करून पुन्हा तपासली, आणि काउंटरवरच्या पैसे भरायच्या क्यूआर कोडसमोर मोबाईल धरला.

पैसे जमा झाले की बोलणारं काउंटरवरचं डबडं मोठ्यानं बोललं. रक्कम सगळ्या दुकानानं ऐकली.

शेठ गडबडले. "सुरेशराव, अहो, हे खोटे आहेत! आत्ताच मामांनी सांगितलं ना!"

सुरेशरावांनी आक्कांच्या चिठ्ठीवरच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. शेठनी तिथं आकडा लिहिला. बेरीज केली. बिल्डरच्या आकड्याच्या थोडी वरच गेली.

आक्का उभ्या राहिल्या. "सुऱ्या..."

सुरेशरावांनी डबा काट्यावरून उचलून खांद्यावर घेतला, दाराशी चपला पायात सरकवल्या आणि पायऱ्या उतरून, मागं न बघता निघून गेले.