मेन बंद केल्यावर

घर विकायला काढलं होतं. घेणाऱ्यांचा तपासनीस दुपारी विजेचा बोर्ड बघायला येणार होता. अण्णा सकाळीच जिन्याखाली स्टूल मांडून बोर्डासमोर बसले. उभा जन्म वायरमनचं काम केलेला माणूस; या घरातली वायरन् वायर त्यांनीच ओढलेली. पण अर्धांगवायूनंतर उजवा हात थरथरायचा.

“कुणाला तरी बोलावू या का?” टॉर्च धरून उभ्या असलेल्या सुनेनं भीतभीत विचारलं.

“माझ्या बोर्डाला परका हात नको. मेन बंद कर.”

तिनं मेन पाडला. पंखा मंदावला, फ्रिजची घरघर थांबली. अण्णांनी झाकण उतरवलं. एका जोडावरची टेप करपून सुटली होती. टेस्टर खिशातच ठेवून ते बोटांनी चाचपायला गेले.

घर चिडीचूप झालं होतं. तेवढ्यात तिच्या कानांवर मागच्या अंगणातून बारीक गुणगुण आली. टाकी भरायला तिनंच मोटार लावली होती. ती अजून चालू होती.

“अण्णा, हात मागे घ्या.”

“मेन बंद आहे, बाई.”

“मोटार चालू आहे. ऐका.”

बोटं जोडापाशी थांबली. लाइट नाही आणि मोटार चालू? अण्णांचा चेहरा उतरला. त्यांनी हळूच टेस्टर काढून टेकवला. आतला दिवा लागला.

“मीच केलंय हे,” ते म्हणाले. “मोटार लावली की मेन पडायचा. म्हणून मेनला वगळून, त्याच्या अलीकडूनच लाइन घेतली, तात्पुरती. साफ विसरलो.” मग खालच्या आवाजात, “झाकण लाव. तपासनीसाला काही दिसायचं नाही.”

सुनेनं झाकणाला हात लावला नाही. “आणि उद्या घर घेणाऱ्यांपैकी कुणी हात घातला तर?”

अण्णांनी टेस्टर खिशात ठेवला. मग म्हणाले, “तपासनीसाला उद्या ये म्हणावं. आणि वीज कंपनीला फोन लाव, खांबावरून लाइन तोडायला सांग.”

संध्याकाळपर्यंत दुसऱ्या वायरमननं मोटारीची लाइन मेनमधून घेतली. अण्णा शेजारी बसून त्याच्यावर खेकसत होते, तो बिचारा निमूट ऐकत होता. दुसऱ्या दिवशी तपासनीसानं बोर्ड पास केला.

तो गेल्यावर अण्णांनी सुनेला विचारलं, “मला काल मोटारीचं काही ऐकू आलं नाही. तुला कसं आलं?”

“पाणी मी भरते ना रोज,” ती म्हणाली.