डेनिसची पणजी सापडली

मंडळी, आज दुपारी शेजारची डेनिस चहाला आली ती रडवेलीच.

तिच्या आईचं माहेर अमेरिकेतल्या लाकोटा आदिवासींचं. ऐंशीच्या आईला एकच ध्यास, आपल्या आजीचं काय झालं ते कळावं. म्हणून डेनिस तिथल्या सरकारने दरवर्षी केलेल्या आदिवासींच्या शिरगणतीच्या जुन्या याद्या लॅपटॉपवर चाळत असते.

"आँटी, पणजी एका वर्षी आहे, पुढच्या वर्षी गायब. लहान मुलं टाकून गेली असणार."

"तिच्या घरातली बाकीची माणसं बघ पाहू."

नवरा तोच, तिन्ही मुलं तीच, एकेक वर्षाने मोठी. बायकोच्या जागी मात्र कुणी मेरी.

"सेकंड वाइफ," डेनिस म्हणाली.

"वय बघ की, बायो!"

पणजीच्या वयात बरोब्बर एक वर्ष मिळवलेलं. मी म्हटलं, "आमच्यात सासरी नाव बदलतात. मी माहेरची सुशीला, सासरची मंगल. हिचं यादी लिहिणाऱ्या कुणा गोऱ्या साहेबाने बदललं असेल."

"म्हणजे तू दोन बायका आहेस?"

"काम तरी दोघींचं करते!"

त्यापुढच्या वर्षाच्या यादीत एकाच बाईपुढे दोन्ही नावं, जुनं आणि मेरी, शेजारी शेजारी निघाली. डेनिसने तिथूनच आईला फोन लावला. यादी वाचून दाखवली. मग म्हातारी एवढंच म्हणाली, "म्हणजे मुलं तिनेच वाढवली?"

"हो, मॉम. तिनेच."

दोघी रडल्या, मीही रडून घेतलं.

डेनिस गेल्यावर लक्षात आलं, माझ्या आजीचं माहेरचं नाव मलाच ठाऊक नाही, आणि विचारायला आता कुणी उरलेलं नाही. तुमच्याकडे आहे ना कुणी? मग आजच फोन लावाल का?