जरा सुई ओवून देता का?

आमच्या सासूबाईंना अख्खी पाच मजली इमारत बटणवाल्या आजी म्हणते. जन्मभर त्यांनी एका शिंप्याच्या दुकानात शर्टांची काजं-बटणं केली. काम सुटलं तेव्हा मी मनात म्हटलं, झालं, आता या घरात बसणार आणि माझं डोकं खाणार. कसलं काय! दुसऱ्याच दिवशी खुर्ची उचलली आणि आमच्या दाराबाहेर, तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात मांडली. कुणाचंही बटण तुटू दे, आजी फुकट लावून देणार. अट एकच, सुई तुम्ही ओवून द्यायची. "डोळे गेले हो माझे," म्हणत त्या सुई-दोरा पुढे करायच्या.

तेव्हा लिफ्ट नव्हती. तिसऱ्या मजल्यापर्यंत येईतो माणसाला धाप लागलेली असायची, टेकायला निमित्त हवंच असायचं. आणि हातात सुई असली की माणूस गप्प राहत नाही, हे मी डोळ्यांनी बघितलंय. दुसऱ्या मजल्यावरच्या नर्सबाईंची बदली, पेपरवाल्याच्या बहिणीचं ठरलेलं लग्न, सगळं पहिल्यांदा आजींच्या कानावर. नुसतं ऐकून सोडून देतील तर त्या आजी कसल्या! कुणाला खोली हवी, कुणाची रिकामी, कुणाचं पोर गणितात गटांगळ्या खातंय, कुणाची पोरगी गणितात हुशार, हे त्या बसल्या जागी जुळवून टाकायच्या. मी त्याच जिन्यानं इतकी वर्षं चढले-उतरले, पण मला शेजारणीचं माहेरही माहीत नव्हतं.

त्यांच्या सुया टोचायच्या उशीत ओवलेल्या सुयांची नुसती दाटी असायची. बटणं दिवसाकाठी दोन-चार यायची. एवढ्या सुया कशाला लागतात, असं मी एकदा फटकन विचारलंही. असू दे, लागतात, एवढंच म्हणाल्या.

मग लिफ्टचं निघालं. बैठकीत सगळ्यात आधी हात वर कुणाचा? आमच्याच आजींचा. पाचव्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहतात, गुडघ्यांनी त्यांना घरात कोंडून घातलं होतं. त्या खाली उतरल्या पाहिजेत, हे आजींनीच सगळ्यांच्या गळी उतरवलं. आपण आपल्याच पायावर धोंडा मारून घेतोय, हे त्यांना कळत नव्हतं असं मला वाटत नाही.

लिफ्ट आली आणि जिना ओस पडला. आजी खुर्चीत बसलेल्या, शेजारच्या जाळीमागून लिफ्ट घरघरत वर जायची, खाली यायची. बंद दारामागे आत कोण आहे तेही दिसायचं नाही. उशीतल्या ओवलेल्या सुया संपल्या. मी दहा-बारा ओवून दिल्या, तर आजी म्हणाल्या, "तुझ्या सुया छान आहेत गं, पण त्यांच्याबरोबर काही बातमी येत नाही." नवऱ्यानं मोठ्या कौतुकानं सुई ओवायचं यंत्र आणलं. ते खणात गेलं. हळूहळू आजींचं जेवण कमी झालं. आज वार कोणता, असं दोनदा विचारू लागल्या. सगळ्या इमारतीची खबर ठेवणारी बाई ती.

एका सकाळी बघते तर खुर्ची आहे, आजी नाहीत. घरभर, गच्चीवर, कुठे कुठे शोधलं. शेवटी लिफ्टचं बटण दाबलं, दार उघडलं, आणि आत स्वयंपाकघरातल्या स्टुलावर आमच्या आजी! मांडीवर उशी, बाजूला पोस्टमन सुई डोळ्यांजवळ धरून उभा. "येतेस का वर?" त्यांनी मला विचारलं. मी हात टेकले.

पण इमारतीचे सेक्रेटरी हात टेकणाऱ्यातले नव्हते. लिफ्ट चार माणसांची, त्यात एक कायमचं बसलेलं, अशी कुणीतरी तक्रार केली होती. रविवारी ते आजींना सांगायला आले, तेव्हा मी मुद्दाम लिफ्टमध्ये उभी होते. ते नाही म्हणाले की आजी पुन्हा ओस जिन्यात जाऊन बसणार, आणि मग त्या फार दिवस बसणार नाहीत, हे मला दिसत होतं.

सेक्रेटरींनी घसा खाकरला. आजींनी सुई पुढे केली. सेक्रेटरींचा चष्मा घरी राहिला होता. पाचवा मजला आला, दोरा काही जाईना. लिफ्ट खाली आली, पुन्हा वर गेली. कडक इस्त्रीचा तो माणूस दोऱ्याला थुंकी लावता लावता सांगू लागला, की परगावी असलेली मुलगी फोनच करत नाही, आपण केला तर दोन वाक्यांत ठेवते.

"तिच्याकडे काहीतरी मागा," आजी म्हणाल्या. "आपण काही मागेनासे झालो ना, की पोरांना वाटतं आपल्याला त्यांची गरज उरली नाही."

सुई ओवली गेली. सेक्रेटरी ती आजींच्या हातात देऊन, काय सांगायला आलो होतो ते न सांगताच उतरले. पुढच्या आठवड्यात सुतार आला आणि लिफ्टच्या कोपऱ्यात घडीची फळी ठोकून गेला, गर्दी झाली की उचलून ठेवता येईल अशी. पाठवलं कुणी, ते त्यानं सांगितलं नाही. आजींचं जेवण मात्र पूर्वीसारखं झालं.

त्यानंतरची एक दुपार. इमारत पेंगत होती, शाळा सुटून पोरं लिफ्टमध्ये यायला अवकाश होता. मी आजींच्या खोलीत डोकावले. पलंगावर बसून त्या उशीतली एकेक सुई काढत होत्या, तिचा दोरा ओढून रिळाला गुंडाळत होत्या आणि रिकामी सुई परत टोचून ठेवत होत्या. सेक्रेटरींची, पोस्टमनची, पाचव्या मजल्यावरच्या बाईंची, सगळ्यांची सुई रिकामी. मग एका फ्रॉकचं बटण राहिलंय असं त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी दोरा तोडला आणि एका दमात सुईत घातला.

मी दारातच खिळले. डोळे गेलेत ना, असं कसंबसं विचारलं.

"मागच्या वर्षी ऑपरेशन नाही का झालं? थेंब तूच घालत होतीस की," त्या वर न बघता म्हणाल्या.

खरंच, मीच घालत होते. मी पलंगावर त्यांच्याशेजारी बसले आणि शाळा सुटायच्या आत उरलेल्या सुयांचे दोरे काढू लागले.