आखूड भोंगा

बालाघाटहून कटंगीकडे मेमू गाडी नेणाऱ्या गुणाकरच्या नोकरीला बावीस वर्षं झाली होती आणि त्याच्यावर एकही ठपका नव्हता. रेल्वेत नियम असा, की फाटकाच्या अलीकडे रुळालगत पिवळी पाटी लागली की भोंगा सुरू करायचा आणि फाटक ओलांडेपर्यंत तो थांबवायचा नाही. फाटक बंद असलं तरी. गुणाकर हा नियम सगळीकडे पाळायचा, फक्त सावरटोल्याला नाही.

सावरटोल्याच्या फाटकापासून हाकेच्या अंतरावर त्याची थोरली बहीण विमलाबाई राहायची. तिच्या नवऱ्याला अर्धांगवायू झालेला. भोंग्याने ते असे दचकायचे की पुढे तासभर त्यांचा हात थरथरत राही. एकदा गुणाकर जेवायला बसला असताना ती म्हणाली, "गुणा, आमच्या घरापाशी तरी थोडा कमी वाजवत जाय बाप्पा."

गाडीच्या केबिनमध्ये तो एकटाच असायचा. फाटकवाला फाटक वेळेवर पाडायचा. गुणाकर तिथे एकच आखूड भोंगा देऊ लागला. आठ महिने काही बिघडलं नाही.

मग भाद्रपदातल्या एका सकाळी हिरालाल नावाचा सावरटोल्याचा शेतकरी गवताचा भारा लादलेली सायकल वाकवून बंद फाटकाखालून निघाला. भाऱ्याने त्याला बाजूचं दिसत नव्हतं. भोंगा त्याने ऐकला, पण एवढासा वाजून थांबला म्हणजे गाडी दूर असेल, असं त्याला वाटलं. गुणाकरने ब्रेक लावले तोवर उशीर झाला होता. हिरालालचा जीव वाचला, डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

चौकशीत फाटकवाल्याने भोंगा ऐकल्याचं सांगितलं. गुणाकरला विचारलं तेव्हा तोही म्हणाला, "हो, दिला होता." किती वेळ, ते कोणी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. चूक हिरालालची ठरली. गावातही तेच झालं. कोणी त्याला बहिरा म्हणे, कोणी म्हणे, पाच मिनिटं दम निघाला नाही, भोग आता.

तीन महिन्यांनी गुणाकर थोडी फळं घेऊन त्याच्या घरी गेला. त्याला पाहून हिरालाल खाटेवर सावरून बसला आणि त्याने हात जोडले.

"साहेब, माफ करजा. माह्यापायी तुमाले चौकशी भोगावी लागली. तुमी तं भोंगा देल्ला होता. मीच ध्यान नाही देल्लं."

गुणाकरची मान खाली गेली ती वर होईना. हिरालालच्या बायकोने, लीलाबाईने, चहा आणला. तो त्याने मुकाट्याने प्यायला आणि निघून आला. आपण तो चहा प्यायलो, याचीच लाज त्याला सगळ्यात जास्त वाटत राहिली. आता तो सावरटोल्याला पुरा भोंगा देत असे, आणि पाटीपासून फाटकापर्यंतचा तेवढा वेळ त्याला सोसवत नसे.

पंधरा दिवसांनी तो परत गेला आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून मोकळा झाला. बहिणीचं नाव तेवढं त्याने घेतलं नाही.

लीलाबाईने हातातलं सूप खाली ठेवलं. "मंग एवढे दिवस आमचे हे लोकायचे टोमणे काहून खात राह्यले?"

हिरालाल सरकत खाटेच्या काठाशी आला. मग म्हणाला, "हे मले एकट्याले नोका सांगू. गावाले सांगा."

बाजाराच्या दिवशी ग्रामपंचायतीसमोर गुणाकरने ते सांगितलं. मागून कोणीतरी मोठ्याने सांगा म्हणालं, तेव्हा पहिल्यापासून परत सांगावं लागलं. दुसऱ्या दिवशी त्याने रेल्वेच्या कार्यालयातही तसंच लिहून दिलं. त्याला गाडीवरून उतरवलं, आता तो शेडमध्ये काम करतो.

गावाला विमलाबाईचं नाव सांगायची गरज पडली नाही; फाटकाजवळ त्याची बहीण राहते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तीच एक दिवस हिरालालच्या घरी गेली. तिथे काय बोलणं झालं, ते तिने भावाला सांगितलं नाही. हिरालालला आता कोणी बहिरा म्हणत नाही, एवढं मात्र गुणाकरच्या कानावर आलं. हिरालालने आपल्याला माफ केलं का, हे विचारायचं धाडस गुणाकरला अजून झालेलं नाही.