दोष मागणारा माणूस

भोसरीत कंपन्या आल्या, पण त्यांच्याही आधी आल्या सायकली. कंपनीची गाडी साहेबलोकांना. बाकी सगळा कारभार दोन चाकांवर. चाकणच्या बरकतभाईंनी हे बरोबर हेरलं आणि पासष्टच्या सुमारास नाशिक रस्त्याच्या कडेला, बाभळीखाली, चार पत्रे ठोकून सायकलचं दुकान मांडलं. चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढावा तर बरकतभाईंनी, आणि गप्पा माराव्या त्याही त्यांनीच. एकदा तोंडाचा पट्टा सुरू झाला की गिऱ्हाईक आपली सायकल विसरून जाई. खरं सांगायचं तर कधीकधी बरकतभाईही विसरत.

तसंच एकदा झालं. गुरुदत्त नावाचा एक तरुण ड्राफ्ट्समन होता, कंपनीत यंत्रांच्या भागांची रेखाटनं करणारा. त्याच्या सायकलचं पुढचं पंक्चर काढून बरकतभाई चाक बसवत होते आणि चाकणच्या जत्रेतल्या कुस्तीची गोष्ट अगदी रंगात आली होती. पैलवान चितपट झाला, ऐकणारे हसले, आणि चाकाचा नट हातानं फिरवलेला तसाच राहिला. पाना काही लागला नाही. दिघीच्या उतारावर चाक निसटलं. गुरुदत्तचं उजवं मनगट मोडलं.

बातमी कळताच बरकतभाई धावत गेले. निसटलेलं चाक पाहिलं आणि जमलेल्या माणसांदेखत म्हणाले, "माझ्या हातनं ऱ्हायलं. मीच आवळला न्हाई."

वेदनेनं पांढरा पडलेला गुरुदत्त म्हणाला, "तुमचा काय दोष, बरकतभाई? माझं प्रारब्ध."

हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. बारीक रेघ ओढताना हात थरथरू लागला तेव्हा कंपनीनं त्याला ड्रॉइंग ऑफिसातून उचलून स्टोअरमध्ये बसवलं. ज्या कामाचं त्याला लहानपणापासून वेड होतं, ते काम सुटलं ते सुटलंच.

हाड जुळायच्या आधीच इकडे दुकानावर चिटपाखरू फिरकेनासं झालं होतं. ज्याच्या हातची चाकं निसटतात त्याच्याकडे कोण जाणार? बरकतभाई पत्रे उतरवून चाकणला परतायच्या बेतात होते. तेवढ्यात एका सकाळी, पहिल्या शिफ्टची झुंबड रस्त्यावर असताना, प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून गुरुदत्त स्वतः आला. डाव्या हातानं तीच सायकल ढकलत आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "बरकतभाई, हिची नीट दुरुस्ती करून ठेवा. तुमच्याशिवाय मी दुसऱ्या कुणाकडे देणार नाही." आठवड्याभरात गिऱ्हाईक परत आलं. बरकतभाईंचा संसार उभा राहिला तो त्या एका वाक्यावर, आणि हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. पाचही वेळच्या नमाजात गुरुदत्तचं नाव घेत. गप्पा मात्र तेव्हापासून काम संपल्यावरच.

गुरुदत्तच्या घरी तेव्हा बायको वासंती पोटुशी होती. ताजुन्निसा, म्हणजे बरकतभाईंची बायको, रोज सकाळी जाऊन त्यांचं पाणी भरून देई. कुणी सांगितलं नव्हतं. गेली आणि हंडा उचलला.

वर्षं गेली. अठ्ठ्याहत्तरला बरकतभाईंचा हजचा अर्ज मंजूर झाला. मुंबईहून जहाज होतं. निघण्याआधी ओळखीच्या प्रत्येकाच्या दारी जाऊन "काही चुकलं-माकलं असेल तर माफ करा" म्हणायची रीत असते. बरकतभाई मोशीपासून सांगवीपर्यंत फिरले. लोक हसून माफ करत, चहा पाजत. एकच दार राहिलं, आणि तिथं पाय उचलेना.

दिघीचा भीमराज लेथवर काम करायचा आणि शिफ्ट सुटल्यावर दुकानाच्या बाकावर टेकायचा. तो म्हणाला, "गुरुदत्तराव तर देवमाणूस. त्यांनी तवाच माफ केलं की."

"तेच तर! माफ कुठं केलं? दोष न्हाईच म्हनले. दोष न्हाई तर माफी कशाची? आल्लाचा गुन्हा केला तर आल्ला माफ करील, भीमराज. मानसाचा गुन्हा त्या मानसानंच माफ कराय लागतो. तोवर तो तसाच ऱ्हातो."

भीमराज बुद्धवंदना न चुकवणारा. त्यानं विचार करून सांगितलं, "आमचा धम्म इचारतो, मनात काय हुतं? तुमच्या मनात वाईट हुतं का? न्हवतं."

"आरं, मन त्या वक्ताला तिथं न्हवतंच," बरकतभाई म्हणाले. "तीच तर चूक."

भीमराज बाकावरून उठला. "मग जा," तो म्हणाला. "आमच्यातही बेसावधपनाला कुनी चांगलं म्हनत न्हाई."

रविवारी सकाळी बरकतभाई गुरुदत्तच्या घरी गेले. वासंतीनं पाणी दिलं. बरकतभाईंनी पेल्याला न शिवता हात जोडले आणि सरळ विषयाला हात घातला. "गुरुदत्तराव, माझ्यामुळं तुमचा हात गेला. मला माफ करा."

गुरुदत्त नेहमीसारखाच हसला. "अहो, किती वर्षं तेच? सांगितलं ना, प्रारब्ध. गेल्या जन्मी मीच कुणाचा तरी हात मोडला असेन, त्याचं फेडलं. तुम्ही निमित्त. आनंदानं जाऊन या."

बरकतभाईंचा चेहरा पडला. जहाज चार दिवसांवर आलं होतं, आणि हे ओझं तसंच घेऊन त्या पवित्र दारात उभं राहायचं त्यांच्या जिवावर आलं होतं.

वासंती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती फटकळ म्हणून आळीत प्रसिद्ध. "गेल्या जन्मीचा माणूस तुम्हाला बरा दिसतो," ती नवऱ्याला म्हणाली. "समोर बसलेला दिसत नाही. तुमचं कर्म तुमचं असेल. पण नट न आवळणं हे कर्म कुणाचं? करावं तसं भरावं म्हणता ना? मग हे भरायला आलेत तर त्यांचं घेत का नाही?"

"वासंती!"

"ओरडू नका. स्टोअरमध्ये पहिल्या दिवशी जाऊन आलात आणि कंपासपेटी माळ्यावर फेकलीत, ती मीच उचलली. तेव्हा कुठं होतं प्रारब्ध?"

गुरुदत्त आपल्या मनगटाकडे बघत राहिला. बोलला तेव्हा आवाज त्याचा नेहमीचा नव्हता. "राग आला होता, बरकतभाई. फार आला होता. तुमच्या घरून पाणी भरलं जातं, तुम्ही माझ्यासाठी दुवा मागता, आणि मला तुमच्यावर रागावताही येईना. मग प्रारब्ध म्हटलं की त्यातून सुटका व्हायची. चूक तुमची होती. तुमच्या गप्पांपायी माझं काम गेलं."

"व्हय," बरकतभाई म्हणाले. "माझी चूक."

"आणि मी ती माफ केली. मनापासून केली."

बरकतभाईंना हुंदका आवरेना. थोड्या वेळानं डोळे पुसत ते वासंतीकडे वळले. "वहिनी, तुमी बी."

"मी तेव्हाच केलं, ताजुन्निसानं पहिला हंडा उंबऱ्यावर आणून टेकला तेव्हा," वासंती म्हणाली. "चूक कुणाची ते न बोलता निस्तरत होती बिचारी. आता पाणी प्या आधी."

दुकानावर भीमराज वाट बघत होता. बरकतभाईंचे लाल डोळे पाहून तो चपापला. "काय झालं? न्हाई म्हनले का?"

"न्हाई रे," बरकतभाई म्हणाले, आणि त्यांचा चेहरा इतका उजळला होता की भीमराज बघतच राहिला. "तोंडावर म्हनले, बरकत, चूक तुझीच. आल्ला त्यांचं भलं करो."